चौदा नंबरचा मालाकी

किलमोरॅन
मंगळवार, ७ ऑक्टोबर १९८६

मालाकी,

तू आईला पाठवलेल्या ख्रिसमसच्या कार्डाच्या पाकिटावरून पत्ता उतरवला आहे आणि दोनदा ताडून पाहिला आहे. सहा वर्षांत मी तुला लिहिलेलं हे पहिलं पत्र. उत्तर येणार नाही हे धरूनच लिहितो आहे. पण ही गोष्ट दुसऱ्या कुणाकडून तुझ्या कानावर जाण्याआधी माझ्याकडून जावी.

परवा रविवारी आपण गेलिक फुटबॉलची काउंटी ज्युनिअर चॅम्पियनशिप जिंकलो. एक्केचाळीस वर्षांनी. अंतिम सामना ड्रमगारशी होता. शेवटची पाच मिनिटं उरली होती, आपण दोन पॉइंटांनी मागे होतो, तेव्हा गोल झाला. गोलाचे तीन धरून एका पॉइंटने जिंकलो. तो गोल तू केलास.

माझ्या लिहिण्यात चूक झालेली नाही. तू त्या वेळी मेलबर्नमध्ये होतास हे मला माहीत आहे. पण रेफरीच्या वहीत, रेडिओवर आणि आता गावात सगळ्यांच्या तोंडी तो गोल मालाकी गिलहूलीचा आहे. क्लबचं म्हणणं असं, की तू अंतिम सामन्यासाठी मुद्दाम विमानाने आलास. संघ अंतिम फेरीत पोचला की लंडनहून, बोस्टनहून कुणी ना कुणी आणतातच, त्यामुळे कुणाला नवल वाटलं नाही. प्रत्यक्षात आला तो दोन काउंट्या पलीकडचा एक ट्रक चालवणारा माणूस. दाढीवाला, तुझ्यापेक्षा वीतभर रुंद, आणि खेळतो मात्र जबरदस्त. त्याला चौदा नंबरची जर्सी दिली आणि यादीत चौदाव्या ओळीवर तुझं नाव घातलं गेलं.

ही सगळी बार्टली टॅन्सीची करणी. तो अजून चेअरमन आहे. तो मरेपर्यंत चेअरमन राहणार.

आता आईचं सांगतो. मी तिला काही सांगितलं नव्हतं. तू गेल्यापासून ती सामने ऐकत नाही, असं मी धरून चाललो होतो. पण रविवारी तिने रेडिओ लावला होता. बटाटे सोलत होती. तुझं नाव ऐकलं तशी सुरी तिथेच ठेवून, कोट चढवून शेजारणीकडे, ब्रीजकडे, गेली आणि म्हणाली, "मालाकी आलाय. मला गाडीतून पुलापर्यंत ने."

पुलाशी आपल्या हद्दीवर संघाच्या स्वागताला गवताच्या पेंढ्या आणि जुने टायर पेटवले होते. ट्रॅक्टरच्या ट्रेलरवर संघ उभा होता, कप हातोहात फिरत होता. मीही ट्रेलरवर होतो. आई गर्दीतून एकेक चेहरा बघत पुढे आली. तिने डोक्याला तो चांगला निळा रुमाल बांधला होता.

टॅन्सीने तिला पाहिलं. मला वाटलं तो तोंड फिरवेल. पण त्याच्या बाजूला साप्ताहिकाचा बातमीदार कॅमेरा घेऊन उभा होता.

"अगं डेलिया! ये की पुढे!" टॅन्सी ओरडला. "वाट द्या रे, वाट द्या! चौदा नंबरची आई आलीय!"

पोरं लगेच सुरू झाली. "मालाकी, उतर खाली लेका! आईला मिठी मार!" "सहा वर्षांनी येतोस आणि वर उभा राहून बिअर पितोस होय रे?"

तो खाली उतरला. त्याला उतरायचं नव्हतं, हे मी त्याच्या बाजूने सांगतो. कान लाल झाले होते. त्याने आईचा हात धरला आणि जमिनीकडे बघत म्हणाला, "कशी आहेस, आई?"

दोनशे माणसं होती. त्यातल्या एकशे नव्वदांना माहीत होतं. फक्त टायर जळताना ऐकू येत होते. आई त्याच्याकडे बघत राहिली. मग वर, ट्रेलरकडे बघितलं. मग पुन्हा त्याच्याकडे.

"जाड झालास," ती म्हणाली.

सगळे असे हसले, मालाकी, असे हसले की मला त्यांच्या दातांची किळस आली. तेवढ्यात कॅमेऱ्याचा लखलखाट झाला.

घरी आल्यावर तिने पुन्हा सुरी हातात घेतली. अर्धवट सोललेले बटाटे काळे पडले होते, ते तिने पुरे सोलले.

फिंटन


किलमोरॅन
शुक्रवार, १७ ऑक्टोबर १९८६

मालाकी,

फोटो छापून आला. पहिल्या पानावर, खालच्या बाजूला. "सहा वर्षांनी माय-लेकांची भेट, हातात कप." मी कात्रण पाठवत नाही. पाठवणार होतो, पाकिटात घातलंही होतं, पुन्हा काढलं.

ड्रमगारवाल्यांनी आक्षेप घेतला. घेणारच होते. तू त्यांच्या लाकडाच्या गिरणीत दोन वर्षं काम केलंस, तुझा चेहरा त्यांना आपल्या लोकांपेक्षा जास्त पाठ आहे. त्यांच्या गोलरक्षकाने तर मैदानातच विचारलं होतं म्हणे, "मालाकी, मागच्या वेळी तुझे डोळे निळे होते ना रे?"

तुला त्यांच्याकडून खेळायचं होतं, आणि बदलीच्या अर्जावर टॅन्सीने सही केली नाही. अर्ज दोन वर्षं त्याच्या ड्रॉवरमध्ये पडून होता. "किलमोरॅनमध्ये जन्मला तो किलमोरॅनकडूनच खेळेल, नाहीतर खेळणार नाही." तू खेळला नाहीस, तू गेलास. पण सही झाली नाही म्हणून तुझं नाव क्लबच्या पटावर तसंच राहिलं. माणूस हाकलला आणि नाव ठेवून घेतलं. हे मला आत्ता लिहितानाच नीट कळलं.

काल काउंटीच्या क्रीडा मंडळापुढे सुनावणी झाली. हॉटेलच्या मागच्या खोलीत, टेबलावर कुणाच्या तरी जेवणाचे डाग. क्लबचे कागद मी सांभाळतो, म्हणून टॅन्सीने मला बरोबर नेलं. ड्रमगारकडून स्कॅली मास्तर आले होते, त्यांचे सचिव. इस्त्रीचा शर्ट, पाच साक्षीदार, आणि तुझा गिरणीतला फोटो पुठ्ठ्याच्या पाकिटात.

नियम तुला माहीत आहे. आक्षेपाचा अर्ज आयरिश भाषेत हवा आणि आयर्लंडमध्येच बनलेल्या कागदावर हवा. मंडळाच्या सचिवाने आधी मजकूर वाचलाच नाही. उठला, कागद दिव्यासमोर धरला, इकडून बघितला, उलटा करून बघितला. कागदात जी खूण दिसायला हवी ती नव्हती.

"मास्तर, हा कागद आपला नाही," तो म्हणाला. "कुठला बाहेरचा आहे."

"असं कसं होईल?" मास्तर म्हणाले. "मी विचारून घेतलाय."

"तुम्हीच बघा."

मास्तरांनी बघितलं. बराच वेळ बघितलं. मग कागद खाली ठेवला आणि त्याची घडी बोटाने दाबत बसले. आक्षेप फेटाळला. सगळं मिळून चार मिनिटं. पाच साक्षीदारांपैकी एकानेही तोंड उघडलं नाही. तुझा फोटो पाकिटातून बाहेर आलाच नाही. इतक्या वर्षांच्या मास्तरांकडून अशी चूक व्हावी, याचं नवल वाटतं.

बाहेर पडताना टॅन्सीने कोटाच्या आतल्या खिशावर थाप मारली. त्यात साप्ताहिकाचा तो अंक होता.

"तुझ्या आईला बाहेर काढायची वेळच आली नाही बघ," तो म्हणाला. "नाहीतर हीच माझी साक्षीदार होती. आईपेक्षा मोठा पुरावा कुठला?" आणि माझ्या मानेवर हात ठेवला. त्याच्या हाताला कांद्याचा वास होता. मी हॉटेलच्या संडासात जाऊन ओकलो. बाहेर आलो तर तो म्हणाला, "आनंदाने होतं असं कधीकधी."

तुला एक सांगायचं राहिलं. उन्हाळ्यात मी क्लबचा इतिहास लिहायला घेतला होता, पुस्तिकेसाठी. सभागृहातल्या पाटीवर दोनच वर्षं आहेत, १९३१ आणि १९४५. मी सगळे जुने अंक चाळले, प्रत्येक फेरीचा निकाल तारखेसह लिहून काढला, कुठे काय झालं ते म्हाताऱ्या मॅटी डेव्हनीला विचारून घेतलं. पंचेचाळीसला तो गोलात होता. त्याने सांगितलं, त्या वर्षी चर्चचा एक तरुण फादर आपल्याकडून खेळला. फादर लोकांना खेळायची बंदी होती, म्हणून तो तापाने अंथरुणात पडलेल्या एका पोराच्या नावावर खेळला. "तीन गोल केले त्याने," मॅटी म्हणाला. "आणि त्या पोराला पुढे आयुष्यभर लोक दारू पाजायचे. त्याने कधी चेंडूला पाय लावला नव्हता!" मॅटीला हसताना खोकला आला. मीही हसलो. तो किस्सा मी पुस्तिकेत घातला, गंमत म्हणून, वेगळ्या चौकटीत. मुद्रितं तपासून झाली आहेत.

आता त्याच पाटीवर १९८६ रंगवणार आहेत. रंग आणला आहे.

फिंटन


किलमोरॅन
रविवार, २६ ऑक्टोबर १९८६

मालाकी,

आधीच्या दोन पत्रांत मी दोन जागी तुझ्यापासून लपवलं. पत्रांच्या नकला माझ्याकडे आहेत, त्या वाचताना ती दोन वाक्यं खिळ्यासारखी टोचतात.

पहिल्या पत्रात मी लिहिलं, की चौदाव्या ओळीवर तुझं नाव "घातलं गेलं." ते मी घातलं. संघाची यादीही आयरिशमध्येच द्यावी लागते, आणि क्लबात न चुकता लिहिणारा मी एकटा. चौदाव्या वर्षी शाळा सुटलेल्या माणसाला याचा किती अभिमान असतो ते टॅन्सीला नेमकं ठाऊक आहे. सामन्याच्या आदल्या दिवशी तो यादी घेऊन आला आणि म्हणाला, "चौदा नंबरला तुझा भाऊ लिही." मी म्हणालो, "तो इथे नाही." तो म्हणाला, "म्हणून तर लिहायचा. इथे असता तर स्वतः नसता का आला? आणि त्याचं नाव तुझ्यासारखं कुणाला लिहिता येतं?" तुझं नाव आयरिशमध्ये फार लांब होतं. मी ते सावकाश, एकही खाडाखोड न करता लिहिलं. लिहून झाल्यावर ते छान दिसतंय असं मला वाटलं. हे सांगायलाच हवं, कारण मला सगळ्यात जास्त शिसारी त्याचीच येते.

दुसरं याहून वाईट आहे.

मी बाजाराच्या गावी मिस हॅनलीच्या कागदाच्या दुकानात काम करतो. तू गेल्यावर लागलो. आक्षेप द्यायला तीन दिवसांची मुदत असते, म्हणजे बुधवार, आठ तारीख. बुधवारी सगळी दुकानं एक वाजता बंद होतात. एकला दहा मिनिटं कमी असताना स्कॅली मास्तर धापा टाकत आत आले. सायकलच्या क्लिपा पँटीला तशाच.

"फिंटन, आयरिश कागद दे बाबा. दोन ताव. पाचच्या आत अर्ज पोचवायचाय."

कशाचा अर्ज ते त्यांनी सांगितलं नाही, मी विचारलं नाही. दोघांनाही माहीत होतं. मी किलमोरॅनचा, हेही त्यांना माहीत होतं, तरी ते आले, कारण मी सुटे पैसे दोनदा मोजून देतो.

खरा कागद डाव्या हाताच्या ड्रॉवरमध्ये होता. माझा हात त्याच्या मुठीवर होता. मी उजवीकडच्या गठ्ठ्यातून दोन ताव काढले. तोच रंग, तीच जाडी.

"आयरिशच ना रे?"

"हो मास्तर."

त्यांनी उजेडासमोर धरून बघितलं नाही. मला थँक्स म्हणाले.

टॅन्सीने मला हे करायला सांगितलं नव्हतं. कुणीच सांगितलं नव्हतं. क्लबसाठी केलं असतं तर त्याला काही नाव देता आलं असतं. मी केलं ते यासाठी, की चौकशी झाली तर ती यादी बाहेर येईल आणि तिच्यावर माझं अक्षर आहे. बस, एवढंच. टॅन्सीला त्या सुनावणीनंतर कुठून तरी कळलं, की मास्तरांचा कागद आमच्याच दुकानातला होता. त्याने मला भर दुकानात डोळा मारला. आता मी त्यांच्यातला झालो.

मागच्या पत्रात मास्तरांच्या "चुकीचं" मला नवल वाटतंय असं मी लिहिलं. ते वाक्य लिहिणारा हातही हाच.

काल मी ड्रमगारला सायकलवर गेलो. मास्तर बागेत पानं झाडत होते. मी सगळं सांगितलं, उभ्याउभ्या. त्यांनी मध्येच थांबवलं नाही. शेवटी खराट्यावर हात ठेवून म्हणाले,

"अडतीस वर्षं मी पोरांना सांगत आलो, दुसऱ्याने सांगितलं म्हणून मानू नका, स्वतः बघा. आणि मी बघितलं नाही."

"मास्तर, चूक माझी आहे."

"तुझी ती चूक नव्हे, फिंटन. चूक माझी. तुझं ते दुसरंच काहीतरी आहे." मग पुन्हा झाडायला लागले. मी फाटकाशी पोचलो तेव्हा मागून म्हणाले, "आक्षेपाची आमची मुदत संपली. पण नाव ज्याचं, त्याला कसली मुदत? तो म्हणाला मी खेळलो नाही, तर मंडळाला ऐकावंच लागेल. त्याला लिही."

आईलाही सांगितलं. ती म्हणाली, "यादीचं मला त्याच दिवशी कळलं होतं. तू वर ट्रेलरवर उभा होतास, काखेत क्लबच्या कागदांची फाइल धरून. म्हणून मी 'जाड झालास' म्हणाले. दोन पोरं एकाच दिवशी कशी घालवू?"

तू स्टेशनवर शेवटचं म्हणालास, "तू बस त्यांचे कागद लिहीत." मी लिहिले.

फिंटन


किलमोरॅन
रविवार, ९ नोव्हेंबर १९८६

मालाकी,

मी स्वतः मंडळाला पत्र लिहिलं होतं. सगळं कबूल केलं, खऱ्या कागदावर, आयरिशमध्ये, खाली सही. ते परत आलं. सभासदाचं पत्र क्लबच्या मार्फत यायला हवं, चेअरमनच्या सहीने, असा नियम आहे. म्हणजे टॅन्सीने सही केली तरच मला टॅन्सीविरुद्ध बोलता येईल. पत्राला नीट घड्या घालून, टाचणी लावून त्यांनी ते परत पाठवलं आहे. टॅन्सीलाही कुणीतरी कळवलं असावं, कारण शुक्रवारी क्लबच्या जेवणात माझ्या टेबलावर कुणी बसलं नाही.

जेवणात पदकं वाटली. तो ट्रकवाला आला नव्हता. तुझं नाव पुकारलं तेव्हा टॅन्सी म्हणाला, "मालाकी परत कामावर गेलाय, ऑस्ट्रेलियाला! पदक भाऊ घेईल." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मला उठायचं नव्हतं. मी उठलो. मधल्या टेबलावरून एक आवाज आला, "नीट धर रे फिंटन, उजेडासमोर बघून घे, खरं आहे का!" आणि पुन्हा ते हसणं. मागच्या भिंतीवर १९८६ रंगवून झालं होतं. अंक वाकडे आले आहेत.

पदक मी आईपुढे टेबलावर ठेवलं. तिने ते पुस्तकातल्या खुणेसारखं दोन बोटांनी उचललं, डबी बंद केली आणि माझ्याकडे सरकवली.

"ज्याने गोल केला त्याला नेऊन दे," ती म्हणाली. "त्याचं आहे. तो बरा खेळला असं म्हणतात."

काल मी बसने जाऊन देऊन आलो. त्याच्या बायकोने दार उघडलं. तो ट्रकखाली होता, बाहेर आला, हात पुसले. डबी बघून म्हणाला, "तुझ्या आईची माफी माग माझ्याकडून. तिने माझा हात सोडला नव्हता, तुम्हाला कुणाला दिसलं नाही ते." त्याचं नाव मी तुला सांगत नाही. त्याचं तरी नाव त्याच्याकडे राहू दे.

घरी येऊन मी आईला ते सांगितलं. तिने चुलीत एक लाकूड सरकवलं.

"त्याचा हात रुंद होता," ती म्हणाली. "गरम, कोरडा. मी चाचपत होते, मालाकीचा असा होता का म्हणून. आणि फिंटन, मला आठवेना. तोंड आठवतं. तो नाही हे तोंडावरून लगेच कळलं. पण हात आठवेना. सहा वर्षांत माझ्या पोराचा हात गेला माझ्याकडून, आणि त्या जागी आता त्या माणसाचा येऊन बसलाय. जातच नाही."

म्हणून लिहितो आहे. या पाकिटात दोन कोरे ताव आहेत. डाव्या ड्रॉवरमधले. दोन्ही मी खिडकीशी धरून पाहिले, दोन्हींत खूण आहे. तूही धरून बघ, माझ्यावर विश्वास ठेवू नकोस.

एकावर मंडळाला लिही, की पाच ऑक्टोबरला मी मेलबर्नमध्ये होतो आणि ते नाव माझं आहे. मजकूर मी वेगळ्या चिटोऱ्यावर आयरिशमध्ये लिहून दिला आहे, तो फक्त उतरवायचा. ते पोचलं की कप जाईल, पाटीवरचं वर्ष खरवडतील, आणि मला या गावात राहता येणार नाही. मिस हॅनलीलाही मी कागदाचं सांगितलं आहे, महिनाअखेरीस माझं काम सुटेल. ते तू मनात धरू नकोस. ते माझं आहे.

दुसऱ्या तावावर तुझा हात ठेव. बोटं थोडी फाकवून. आणि पेन्सिलीने भोवती रेघ मार, लहान मुलं मारतात तशी. खाली काही लिहिलं नाहीस तरी चालेल.

दोन्ही पाठवायला मन घेत नसेल तर मंडळाचा ठेवून दे. हात पाठव.

फिंटन